जिनिव्हाहून आलेला कागद सुरगाण्याला नेताना

माझ्या ओळखीतले तिघे-चौघे दर उन्हाळ्यात युरोप करून येतात आणि मग महिनाभर आम्हाला बर्फाचे फोटो दाखवतात. मी चहा पिते, छान छान म्हणते. गेल्या चैत्रात मीही तीन दिवसांचा प्रवास करून आले, पण आमच्याच नाशिक जिल्ह्यात, सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावर. फोटो एकही नाही, कारण कॅमेरा घरी टेबलावर राहिला. तेव्हा लिहूनच सांगते.

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. तीस वर्षं कानाला हेडफोन लावून 'बोला सुरगाणा, बोला कळवण' करत बोर्डाच्या भोकांत जोडणीच्या दोऱ्या खुपसल्या, आणि एसटीडीचे पिवळे बूथ आले तसा तो सगळाच कारभार संपला. सुरगाण्याच्या पोस्टातल्या माणसाचा खोकला मला पाठ होता, पण सुरगाणं कधी पाहिलं नव्हतं. राहते देवळाली कॅम्पात. तिथे रोज सकाळी तोफांचा सराव चालतो, कपाटातल्या बश्या वाजतात आणि आम्ही पोळ्या लाटत राहतो. अशा गावात राहून मी निवृत्तीनंतर गेले ती शांततेच्या आणि मदतीच्या कामाला. आमचे हे त्यावर अजून हसतात.

काम म्हणजे तरी काय, तर जिनिव्हाच्या त्या जुन्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी नातं सांगणारी आमची नाशिकची शाखा. रक्तदान शिबिरं भरवायची, शाळांतून प्रथमोपचाराचे वर्ग घ्यायचे. मी चौकोनी कापडाची त्रिकोणी घडी घालून पोरांच्या धडधाकट हाताला झोळी बांधत असे. जगाच्या शांततेत आपली भर ती एवढीच, असं मी धरून चालले होते.

नाशिक ते वणी

एके दिवशी शाखेचे सचिव दातार यांनी मला बोलावून एक कागद पुढे ठेवला. पाकीट नाही, उघडाच. एका बाजूला निरोप, दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी. सुरगाण्याकडचा जयराम नावाचा एक माणूस मजुरी शोधत गुजरातच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथे मासेमारीच्या नावेवर एक जण आजारी पडला म्हणून ऐनवेळी त्याच्या जागी हा चढला. पाण्यावर कुठे सरहद्दीची रेघ दिसते? नाव पलीकडे गेली, धरली गेली, आणि जयराम पाकिस्तानच्या तुरुंगात पोचला. नावेच्या यादीत त्या आजारी माणसाचंच नाव होतं. त्यामुळे ह्याच्या घरी कळवायचं कुणाला सुचलंच नाही. तीन पावसाळे गेले.

अशा तुरुंगात त्या संस्थेची माणसं जातात. कैद्याशी बोलतात, त्याचं खरं नाव-गाव लिहून घेतात आणि घरच्यांना निरोप पाठवायचा असेल तर हा छापील कागद देतात. नियम कडक. फक्त घरचं लिहायचं. तक्रार नको, राजकारण नको, जागेचं वर्णन नको. दोन्ही देशांचे अधिकारी तो वाचणार आणि मगच पुढे सोडणार. हा कागद तिथून जिनिव्हाला गेला, तिथून दिल्लीला, तिथून मुंबई आणि मग आमच्याकडे. दातारांनी तो पोस्टाने पुढे धाडला, तर पोस्टमनचा शेरा येऊन परत आला, 'घर बंद, माणसे मजुरीस बाहेरगावी.'

"आता हातोहातच पोचवायला हवा," दातार म्हणाले. "उत्तर लिहून घ्या आणि हाच कागद परत आणा. दुसरा मिळायला सहा महिने लागतील. आणि सुलभाताई, आपल्या मनाचं काही सांगायचं नाही. सुटेल, येईल, असलं वचन द्यायचं नाही."

मी मान डोलावली. तीस वर्षं दुसऱ्यांची बोलणी कानावर पडत असताना मधे तोंड न घालण्याचाच मला पगार मिळत होता.

सकाळच्या एसटीला सप्तशृंगी गडावर निघालेल्यांची ही गर्दी. नारळाच्या पिशव्या, पितळी घागरी, खानदेशातल्या बायांचा मोठा घोळका. मी खिडकीशी चेंगरून बसले होते. दिंडोरीच्या पुढे द्राक्षांच्या क्रेटने भरलेल्या ट्रॅक्टरांमागे गाडी रखडली. मला काही धीर निघेना. कागद पुन्हा एकदा वाचावा म्हणून फायलीतून ओढायला लागले आणि नेमका तेव्हाच ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. शेजारीण माझ्या अंगावर, तिचे नारळ तिच्या अंगावर. दातारांनी कागदाला आपली चिठ्ठी पिनने जोडली होती. तिच्यासकट कागदाचा वरचा कोपरा फाटून माझ्या हातात आला.

स्वतःला चार शिव्या दिल्या. पण मजकूर धड होता. एक ओळ मात्र आधीच कुणीतरी जाड काळ्या शाईने खोडलेली होती, तिच्यापुढे माझा फाटका कोपरा ते काय. तो तुकडा चिठ्ठीसकट पाकिटात टाकला आणि वणीला उतरून गरम भजी खाल्ली.

वणी ते सुरगाणा

वणीपर्यंतचं नाशिक मला ठाऊक होतं. द्राक्षबागा, बंगले, दारात मोटारसायकली. बोरगावच्या पुढे गाडी सुरगाण्याकडे वळली आणि जिल्हाच बदलला. उघडे डोंगर, मधूनच पेटल्यासारखा एखादा पळस, आणि सगळीकडे राब भाजल्याचा धूर. भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्याचा. आमच्याकडे लोक पावसाची वाट बघत बसतात, इथे चैत्रातच त्याची तयारी सुरू होती. बाया टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. एकीने मला ओंजळभर दिली. गोडसर, ओलसर, वासाला उग्र. दोन खाल्ली, बाकीची रुमालात बांधली. नंतर तो रुमाल टाकूनच द्यावा लागला.

रस्ताभर मी आपली विचार करत होते. आम्हाला वर्गात ह्या संस्थेचा इतिहास शिकवला होता. जिनिव्हाचा एक व्यापारी, स्वतःच्या धंद्याचं काम घेऊन बादशहाला गाठायला निघालेला, वाटेत इटलीत एका मोठ्या लढाईच्या संध्याकाळी जाऊन पोचला. मैदानात हजारो जखमी पडलेले आणि त्यांना पाणी द्यायला कुणी नाही. त्याने काम बाजूला ठेवलं आणि जवळच्या गावातल्या बायांना हाताशी धरून मिळेल तिथे जखमी निजवले. घरी गेल्यावर त्या आठवणींचं पुस्तक काढलं, आणि त्यातून पाच माणसांची समिती निघाली, मग राजेरजवाड्यांचा करार, की जखमीला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला मारायचं नाही. पुढे धंद्यात त्याचं दिवाळं वाजलं आणि लोक त्याला विसरूनही गेले. म्हातारपणी कुणाला तरी तो सापडला आणि शांततेचं पहिलं जागतिक बक्षीस दुसऱ्या एकासोबत त्याला मिळालं.

मला त्याहून आवडते ती पुढची गोष्ट. पहिल्या महायुद्धात त्याच संस्थेने हरवलेल्या आणि कैद झालेल्या सैनिकांची कार्डं करायला घेतली. शहरातल्या बाया-बापड्या टेबलांशी बसून लाखो कार्डं लिहायच्या. इकडून चौकशीचं कार्ड, तिकडून कैद्याचं, आणि दोन्ही जुळली की एका घराला पत्र. हे ऐकलं तेव्हा मला आमचं एक्स्चेंजच दिसलं. नुसती दोन टोकं जोडायची. लढाई थांबवणं त्या बायांच्या हातात नव्हतं. लढाया आजही थांबलेल्या नाहीत, हेही मला कळतं, रोज बश्या वाजतात. तरी जोडणारा माणूस मधे बसलेला आहे, एवढ्यावर माझा भरवसा आहे.

सुरगाण्याला एका शिक्षिकेच्या घरी मुक्काम केला आणि सकाळी लवकर पायी पाड्याकडे निघाले.

पाडा

दोन ओढे आणि एक चढण. चढणीवर माझा एक बूट तळव्यापासून सुटला, तो दोरीने बांधून फटक फटक करत मी पाड्यावर पोचले. पोरंसोरं हसली. देवरामबाबांचं घर कुठलं विचारलं. जयरामचे वडील ते. घर बंद नव्हतं. मजुरीला गेलेली माणसं दोन दिवसांपूर्वीच परतली होती.

कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात उंच, काटकुळे म्हातारे हातात छिन्नी घेऊन एका आडव्या ठेवलेल्या शिळेवर बसले होते. तोंडभर देवीचे व्रण. शिळेवर वर सूर्य-चंद्र आणि खाली घोड्यावर बसलेला माणूस कोरलेला. काम फार सुबक होतं. मी आपली पर्यटकासारखी म्हणाले, "वा, काय सुंदर कोरलंय. कुणाचं?"

"पोराचं," म्हातारे म्हणाले. "उंद्या उभा करायचा हाय."

त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. त्या पाड्यावर मेलेल्या माणसाचा असा दगड उभा करतात, त्याला चिरा म्हणतात. देवरामबाबा पाड्याचे चिरे कोरणारे. इतरांचे पन्नासेक कोरले असतील, पोराचा कोरायला मात्र तीन वर्षं टाळाटाळ केली. दगडच बरा मिळत नाही म्हणायचे. शेवटी भाऊबंद बसले आणि म्हणाले, बास, त्याचा जीव असा किती दिवस फिरत ठेवायचा. एकाने जयरामला सुरतेत पाहिलं म्हणून सांगितलं होतं, एकाने बुडाला म्हणून. चिरा उभा राहिला की त्याची बाई मोकळी. तिचा भाऊ तिला माहेरी नेणार, दुसरं घर बघणार. आणि लेकरू बापाच्या घरचं, ते इथेच आजाकडे राहणार. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त घराच्या दारात उभी असलेली कमळ पाहिली, जयरामची बायको, आणि तिच्या कमरेला धरून उभी असलेली अडीच वर्षांची मुलगी.

मी नियमाप्रमाणे उभं राहून सांगितलं, मी अमुक संस्थेकडून आले, जयरामचा कागद आहे. आणि फायलीतून तो काढून पुढे केला.

म्हाताऱ्यांनी कागद बघितला आणि खालीच बसले. शेजारच्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला. एकीने गळा काढला, तशा पाड्यातल्या आणखी बाया धावत आल्या. कमळ होती तिथेच राहिली, डोळे कोरडे. मला कळेचना. मी 'ऐका तर' म्हणतेय आणि माझा आवाज त्या रडण्यात बुडतोय. मी पुढे सरले तर म्हातारे म्हणाले, "कागूद घरात नेऊ नका, माई. हितंच ऱ्हाऊ द्या." त्यांनी तो माझ्या हातातून दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, बघायचा असेल.

आणि ते तो फाडायला लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोपरा! आमच्या लहानपणी मयताचं कार्ड असंच यायचं, कोपरा फाडलेलं. आई ते उंबऱ्याबाहेर वाचायची, तिथेच फाडायची आणि मग सगळ्यांच्या डोक्यावरून पाणी. मी नाशकातच वाढलेली बाई, मला हे कळू नये? फाटका कोपरा आणि वर ही काळी ओळ. जिनिव्हा, दिल्ली, मुंबई करून आलेला जिवंत माणसाचा निरोप मी वणीच्या गाडीत बसून मयताचा करून आणला होता.

मी म्हाताऱ्यांचं मनगट धरलं. आणि जो आवाज मी लाइन खराब असली की लावत असे, तो लावला. "बाबा, सोडा. तो जिवंत आहे."

सगळं थांबलं. रडणाऱ्या बायाही.

"मंग कोपरा कुनी फाडला?"

"मी. एसटीत. चुकून."

"आन् ही काळी रेघ?"

"ती सरकारने मारली."

"कोनच्या सरकारनं?"

"ते मला माहीत नाही, बाबा. पण तो जिवंत आहे. वाचते, ऐका."

कागद वरून बोटभर फाटला होता. मजकूर हिंदीत, तुरुंगातल्या कुणी लिहिता येणाऱ्याने लिहिलेला. खाली जयरामचा अंगठा. मी अंगणातच उभी राहून, त्यांना समजेल अशा मराठीत तो सांगितला. मी बरा आहे. जेवण मिळतं. हात मोडला होता, तो जुळला. बाबांनी काळजी करू नये. मग ती काळी ओळ. आणि खाली, 'निघालो त्या सकाळी ओढ्यावर तू जे सांगितलंस, त्याचं काय झालं? मुलगा की मुलगी?'

म्हाताऱ्यांचा चेहरा हलला नाही. "लिवनार दुसरा, अंगठा कुनाचा बी," ते म्हणाले. "लय लोक येऊन सांगून गेले, माई."

कमळ दारातून पहिल्यांदा खाली उतरली. "परत वाचा," ती म्हणाली. मी वाचलं. ती सासऱ्यांकडे बघून बोलली, पण हळू, अंगणालाच सांगितल्यासारखं. "हे म्या कुनालाच सांगितलं नवतं. आत्याबाईला बी नाय. माजं मलाच पक्कं ठावं नवतं. ओढ्यावर फकत ह्यास्नी सांगितलं, दिवस गेल्यावानी वाटतं म्हनून. तिथं कुनी नवतं."

म्हाताऱ्यांनी छिन्नी शिळेवरून उचलली आणि कमरेला खोचली. "जित्ता हाय," ते म्हणाले. एका बाईने मला आत नेऊन पाणी दिलं. मी स्वतःवर इतकी चिडले होते की पाण्याचा अर्धा तांब्या पातळावर सांडला.

जेवायला नागलीची भाकर, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी. चटणी इतकी चांगली की मी भूक नसताना तीन वेळा मागून घेतली. जेवताना म्हाताऱ्यांनी माझी उलटतपासणी घेतली. हा तुमचा धंदा कुठून निघाला, कुणाच्या पदरी आहात, फुकट का करता. मी लढाईची आणि त्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली.

"बायांनी पानी पाजलं, ते कोनच्या बाजूच्या मानसास्नी?"

"दोन्ही बाजूंच्या. तिथे कुणी विचारलं नाही."

"बरोबर हाय. पानी मागत्याला गाव नाय पुसत," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मग मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून एक गोष्ट सुचली. "बाबा, ह्या पाड्यावर पंचविशीच्या आतल्या कुणाच्या तोंडावर असे देवीचे व्रण आहेत का?" त्यांनी विचार केला. अंगणातल्या पोरींकडे पाहिलं. नाहीत म्हणाले. मी म्हटलं, तेही असल्याच मधल्या माणसांचं काम. देशोदेशींची एक आरोग्य संघटना काढली, एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या रशिया-अमेरिकेने त्यात लस, माणसं, पैसा घातला, आणि आपल्याच गावोगावच्या टोचणाऱ्यांनी डोंगर पालथे घालून देवीचा रोग जगातून काढला. आता कुणाला टोचावंही लागत नाही.

"टोचणारा?" म्हातारे पहिल्यांदा हसले. "त्यो आला तवा आमी समदे रानात पळालो. जयराम तान्हा व्हता. ह्याच्या आयनं त्याला कणगीत लपीवला, वर घोंगडी. पर त्यो रडला, आन् टोचणाऱ्यानं हुडकून काढला. दोन टोकांची सुई व्हती. दंडावर वण हाय त्याच्या." हसता हसताच त्यांनी भाकर खाली ठेवली. "हाय," ते पुन्हा म्हणाले.

दुपारी उत्तर लिहायला बसलो. म्हाताऱ्यांनी सांगितलं, पाऊस बरा झाला, म्हैस व्याली, आई गेली. 'आई गेली' मी लिहिलं तेव्हा त्यांनी विचारलं, हे कळवायला चालतं का. चालतं म्हटलं, घरचंच आहे. कमळने सांगितलं, मुलगी झाली, नाव रंजना, तुमच्यासारखं कपाळ आहे, मी इथेच आहे. 'मी इथेच आहे' दोनदा लिहा म्हणाली. मी दोनदा लिहिलं. मग म्हणाली, "काळ्या रेघंखाली काय लिवलंवतं, ते पुसा." मी समजावलं, की ते विचारलं तर आपलीही ओळ खोडली जाईल. ते काय होतं, हे कुणालाच कधी कळणार नाही. तिने मान डोलावली आणि पुन्हा ते काढलं नाही.

कागद परत न्यायचा, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. जयरामच्या अंगठ्यावर तिने आपला अंगठा टेकवला आणि मी फाईल उघडीपर्यंत उचलला नाही. मी सगळा निरोप एका वेगळ्या कागदावर उतरवून दिला होता, पण तो तिने नीट बघितलाही नाही. "फाटला त्यो तुकडा कुटं हाय?" तिने विचारलं. मी पाकिटातून काढून दिला. पिनेचं भोक असलेला, काही न लिहिलेला तुकडा. तो तिने पत्र्याच्या डब्यात ठेवला. मी दातारांना हे सांगितलेलं नाही, आता इथे वाचतील.

तिसरा दिवस

रात्र पाड्यावरच काढली. खरं तर माझं काम झालं होतं आणि दुपारच्या गाडीने मी परतणार होते. पण सकाळी उठले तो अंगणात मोठी पातेली चढलेली. चिऱ्याच्या जेवणाला पाहुणे बोलावलेले होते, आसपासच्या पाड्यांवर, गुजरातेतल्या नातलगांतही सांगावे गेले होते. ते आता परतवायचे कसे? तांदूळ भिजले होते. "येऊ द्या, जेवू द्या," म्हातारे म्हणाले. चिऱ्याचं काय, असं मी भीत भीत विचारलं. जिवंत माणसाचा दगड घरापुढे बरा नव्हे, असं कालपासून बायका कुजबुजत होत्या. म्हाताऱ्यांनी तो चौघांच्या मदतीने पालथा घातला आणि वर बसून बघितलं. "माज्या कामाला यील," ते म्हणाले. "घोडा लय बरा आलाय, वाया कशाला घालवायचा."

त्यांच्याकडची रीत अशी, की दुखवट्याला येणारा माणूस पाड्याच्या हद्दीवरूनच रडायला सुरुवात करतो. बायका तर लांबूनच आळवायला लागतात. तेव्हा कोणीतरी हद्दीवर उभं राहायला हवं होतं. कमळ म्हणाली, मी राहते. मी तिच्यासोबत गेले. पळसाच्या झाडाखाली दोघी उभ्या राहिलो.

हे लिहितेय तोवर जयराम सुटलेला नाही. त्याचं दुसरं पत्र मात्र आलं आहे. दातार म्हणतात, सुटणाऱ्यांच्या यादीत ह्या वेळी त्याचं स्वतःचं नाव आहे. त्याहून जास्त मी काही म्हणणार नाही, तसा नियम आहे. मला सांगायचं आहे ते त्या सकाळचं.

पहिला घोळका आला. पुढची म्हातारी रडत, छाती पिटत. कमळ पुढे झाली आणि म्हणाली, "रडू नका, मामी. जित्ते हायेत. कागूद आलाय." म्हातारी तशीच तोंड उघडं ठेवून थांबली. मग दुसरे आले. "रडू नका. जित्ते हायेत." मग तिसरे. पाच-सात माणसं खालच्या ओढ्यातून वर चढायची, त्यांचं रडणं आधी ऐकू यायचं, आणि ही ताठ उभी राहून प्रत्येकाला तेच सांगायची. माणसं हबकायची, तिला कवटाळायची, माझ्या पाया पडायला यायची. मी आपली मागे सरकायची. तिचा भाऊही आला, तिला माहेरी न्यायला नवं लुगडं घेऊन. त्याला तिने सांगितलं, "ल्हान्या, जित्ते हायेत. लुगडं दे, नेसते." तो हसावं की काय करावं न कळून लुगडं हातात धरून उभाच राहिला.

ऊन डोक्यावर आलं तशी माणसांची ये-जा थांबली. पाड्यातून जेवणाचा वास येत होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. आता चला म्हणून मी कमळच्या खांद्यावर हात ठेवला. तिला काही ऐकू गेल्यासारखं वाटलं नाही. ती स्वतःशीच हळूच म्हणाली, "जित्ते हायेत." ह्या वेळी समोर कुणी नव्हतं. तिने ते आणखी एकदा म्हटलं, आणि तिथेच मातीत बसली, आणि रडायला लागली. तीन वर्षांत न रडलेली बाई. मी अडवलं नाही. मीही बसले आणि मलाही आवरलं नाही.

तेवढ्यात ओढ्यातून एक उशीर झालेली म्हातारी काठी टेकत वर आली. आम्हा दोघींना रडताना बघून तिने काठी टाकली आणि मोठ्याने जयरामला हाक मारून गळा काढला. कमळ धडपडत उठली. डोळे पुसायलाही थांबली नाही. तसंच धावत जाऊन तिने म्हातारीला मिठीत घेतलं, आणि रडतच, हसतच तिच्या कानात सांगू लागली, "मावशे, गप. जित्ते हायेत. पोरगी झाली, ते बी त्यास्नी कळवलंय."